आधी मायेची भीती घालवू या

विषय तीन गोष्टींचा आहे, लहानपणची अटॅचमेंट (सांभाळणाऱ्या माणसाशी जडलेलं नातं), सेल्फ-कम्पॅशन (स्वतःबद्दलची माया) आणि बॉर्डरलाइन पर्सनॅलिटीची, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाणाऱ्या मानसिक आजाराची लक्षणं, पण तिथे जायच्या आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या. हाताला जखमा करून घेतलेली मुलगी रात्री कॅज्युअल्टीत येते, टाके घालता घालता कुणीतरी म्हणतं "झाली हिची नाटकं सुरू", आणि केसपेपरवर शेरा पडतो, लक्ष वेधून घेण्यासाठी. असे शेरे मी स्वतः वाचलेत आणि दरवेळी संताप होतो. अहो, लक्ष हवंय तिला, मग त्यात गुन्हा काय?

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ बाईंचा बाल्टिमोरचा अटॅचमेंटवरचा प्रयोग तुम्हाला माहीत आहे. वर्षभराचं बाळ, आई खोलीबाहेर जाते, थोड्या वेळाने परत येते. लोकांना वाटतं, आई गेल्यावर बाळ किती रडतं ते बघायचं असतं. नाही हो, खरं बघायचं असतं आई परत आल्यावर ते काय करतं. बरीचशी बाळं बिलगतात, शांत होतात, खेळायला लागतात. काही आईकडे बघतही नाहीत. आणि काही दोन्ही हात वर करतात, घे म्हणून, आणि घेतलं की अंग ताठ करून लाथा झाडतात, खाली ठेवलं की परत हात वर! ह्या बाळाला कुणी नाटकी म्हणेल का? पुढे मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी आणखी एक गट दाखवला, जिच्याकडे धावायचं तिचीच भीती वाटणारी मुलं. बॉर्डरलाइनमधलं "सोडून जाऊ नकोस, पण जवळही येऊ नकोस" ह्याच्याशी ताडून बघा. आता लगेच सगळा दोष आईवर टाकू नका, जन्मजात हळवेपणही असतोच आणि असं प्रत्येक मूल पुढे बॉर्डरलाइन होत नाही.

बरं, लहानपणी रडताना "गप्प बस, काही झालं नाहीये" कुणाकुणाला ऐकायला मिळालं? हात वर करा. बघा, पुढच्या रांगेत तर काहींचे दोन्ही हात वर आहेत!

पाच मिनिटं राहिली म्हणताहेत, तर पटापट सांगते. ज्या मुलाला कुणी शांत केलं ते हळूहळू स्वतःला शांत करायला शिकतं, ज्याला झिडकारलं ते स्वतःलाच झिडकारतं. क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये सेल्फ-कम्पॅशनची मांडणी केली: स्वतःशी मायेने वागणं, दुःखात आपण एकटे नाही हे कळणं, आणि दुःखात बुडून न जाता त्याच्याकडे बघणं. बॉर्डरलाइन लक्षणं जास्त तिथे हे सहसा कमी दिसतं, म्हणून अटॅचमेंट आणि लक्षणं यांच्यातला दुवा हाच असावा असं मला वाटतं, पण बरेच अभ्यास एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचे आहेत, त्यावरून हेच कारण असं ठामपणे म्हणता येत नाही.

आणि "स्वतःवर प्रेम कर" असं एकदम सांगू नका. पॉल गिल्बर्ट यांनी दाखवलंय की काहींना मायेचीच भीती वाटते, कारण जिथून माया मिळाली तिथूनच मारही मिळालेला असतो. म्हणून सावकाश, आधी भावनेला नाव देणं, तिचं कारण मान्य करणं, मग बाकीचं. मार्शा लिनेहान यांची डीबीटी, म्हणजे बॉर्डरलाइनसाठीची उपचारपद्धती, बरीचशी ह्याच वाटेने जाते, आणि आपण स्वतः तरुणपणी मानसोपचार रुग्णालयात होतो हे त्यांनी 2011 मध्ये जाहीर सांगितलं.

शेवटचं, मेरी झॅनरिनी यांनी बॉर्डरलाइनच्या पेशंटना वर्षानुवर्षं फॉलो केलं, तेव्हा 10 वर्षांत बहुसंख्यांची लक्षणं निदानाच्या रेषेखाली आलेली दिसली. निदान सांगाल त्याच दिवशी हेही सांगा, पेशंटला आणि घरच्यांनाही. चला, प्रश्न घेऊ.