जेसीबीच्या आधी चर

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘बांधकामाआधी शेतजमिनीची पुरातत्त्वीय पाहणी’ असा छापलाय. तो वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे नंतर चहा नक्की असणार.

पांढरी म्हणजे काय, हे प्रवराकाठच्या लोकांना मी सांगायला नको. गावाजवळचं जुन्या वस्तीचं राखाडी टेकाड, कुणाच्या तरी सातबाऱ्यावर चढलेलं. तिथली माती पिकाला चांगली, म्हणून ट्रॉल्या भरभरून शेतात गेली. कित्येक पिढ्यांची राख, शेण, हाडं, खत होणारच. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. माझं रडगाणं वेगळं आहे: नोंद न करता खणलं की वस्तू मिळते, पण ती कोणत्या काळाची ते हरवतं.

प्रवराकाठचंच दायमाबाद घ्या, हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीची जागा. १९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ बोपर्डीकरांनी ही जागा हुडकली, मग देशपांड्यांनी तिथं खणलं. आणि १९७४ मध्ये गावातला एक भिल्ल माणूस झुडपाची मुळं खणत असताना खाली लागले चार ब्राँझचे पुतळे: बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस. वजन साठ किलोंच्या वर! (पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारतंय, ‘आज भाव काय?’ निखात निधी कायदा १८७८ चा आहे साहेब, दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं. दहा रुपयांत आता कटिंगही येत नाही, पण कायदा तसाच आहे.)

पुढे साळींनी १९७५ ते ७९ असे चार हंगाम तिथं उत्खनन केलं. घरं मिळाली, खापरं मिळाली, एकावर एक थर मिळाले. पण रथ त्यातल्या कोणत्या थरातला? खड्डा मुळांसाठी काढलेला. थर बघायला तिथं होतंच कोण? साळी म्हणाले, उत्तर हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळातला. प्राचीन धातूंचे अभ्यासक डी. पी. अग्रवालांनी धातूकडे बोट दाखवलं: यात आर्सेनिक एक टक्क्याच्या वर, त्या काळच्या इथल्या इतर तांब्यात तसं नाही, मग हा त्या काळाचा कशावरून? पन्नास वर्षं झाली, वाद चालूच आहे. उलट घोड नदीकाठचं इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथं काम केलं. डोळे दिपावेत असं काही नाही, पण सव्वाशेहून जास्त घरं नीट नोंदली गेली. धान्याचं कोठार कुणाच्या घराला लागून होतं, जमिनीखाली रांजणांत कुणाची मुलं पुरली होती, हे आज सांगता येतं.

एका रस्त्याच्या बैठकीत मी हेच सांगत होतो. समोरचे साहेब म्हणाले, ‘तिथं संरक्षित स्मारक नाही ना? मग झालं!’ बरोबरच आहे त्यांचं. शंभर मीटरची बांधकामबंदी संरक्षित स्मारकाभोवती. पांढरीला कसलं स्मारक आणि कसलं कुंपण?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं, मग ज्यासाठी बोलावलंत ते भराभर सांगतो.

आधी नांगरटीनंतर शेतातून ओळीनं चालायचं, खापरं कुठं आहेत ते नकाशावर मांडायचं. त्यावर फार विसंबायचं नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खापरं त्यातून खाली-वर होतात. नदीकाठी गाळाखाली अख्खी वस्ती असते आणि वर एक तुकडा दिसत नाही. न खणता जमिनीखालचं ओळखायची चुंबकीय मोजणी आपल्याकडे गडबडते, कारण खाली काळा पाषाण, तो स्वतःच चुंबकीय.

म्हणून चाचणी चर. इंग्लंडमध्ये साधारण दोन मीटर रुंद, तीस-पन्नास मीटर लांब चर शेतभर विखरून घेतात. मिळून क्षेत्राच्या दोन ते पाच टक्के. जेसीबीच लावतात, पण बिनदाती बकेटनं, आणि जाणकार माणूस शेजारी उभा. नांगरटीचा थर निघाला की यंत्र थांबतं, पुढे खुरपी. काहीच निघालं नाही तर तसं लिहून चर बुजवायचे. तोही निष्कर्षच, कंत्राटदाराला तर सगळ्यात आवडता! निघालं तर बहुतेक वेळा काम कायमचं थांबत नाही. तेवढा भाग खणून नोंदवतात, किंवा आराखडा थोडा सरकवतात.

पैसे कोण देणार? इंग्लंडमध्ये १९९० पासून नियोजनाच्या धोरणातच हे आलं, खर्च बांधणाऱ्याचा. आपल्याकडे एनए प्लॉटिंगच्या मोजणीला माणूस येतोच. त्याच दिवशी खापरं ओळखणारा एक जण सोबत आला, तर मोजणी लांबत नाही. चर घ्यायचे की नाही, ते त्याच्या नकाशावरून ठरवा. आणि घ्यायचे तर उन्हाळ्यात, पिकं निघाल्यावर. जूनमध्ये काळ्या मातीत जेसीबी घातलात तर आधी जेसीबीचंच उत्खनन करावं लागेल.