ते पान उलटू नका

नमस्कार श्रोतेहो. घरात कुणी गेलं की मोठ्यांची धावपळ उडते. शवपेटी, फादरना निरोप, गोव्याच्या पाहुण्यांना फोन. पोरांना शेजारी नेऊन बसवतात, हातात मोबाईल देऊन. आज त्या पोरांबद्दल बोलायचंय, आणि बायबलच्या गोष्टींच्या चित्रपुस्तकांबद्दल.

बेळगावजवळच्या खानापूरकडे मी संडे स्कूल, म्हणजे चर्चमधले रविवारचे पोरांचे वर्ग, घ्यायचे. पाच वर्षांच्या एका पोराची आज्जी वारली. घरच्यांनी सांगितलं, "आज्जी झोपलीय, येशूकडे." झालं! त्या रात्रीपासून पोरगा झोपेना. आईचा डोळा लागला की तिला गदागदा हलवायचा. शेवटी ती त्याला माझ्याकडे घेऊन आली.

माझ्याकडे लाजरच्या गोष्टीचं पुस्तक होतं, येशू आपल्या मेलेल्या मित्राला परत उठवतो ती गोष्ट. चित्रातला येशू निळ्या डोळ्यांचा, गोरापान. याचा मला फार राग येतो. लाजरचं गाव बेथानी, जेरुसलेमपासून जेमतेम तीन किलोमीटर, तिथल्या उन्हातली माणसं अशी कशी असतील? आणि आपल्याकडं पोरं घरी मराठी, शाळेत कन्नड बोलतात, माझ्याकडची पुस्तकं मात्र सगळी इंग्लिश! असो.

तर लाजर आजारी पडला, मेला, चार दिवस कबरीत होता. मला घाई शेवटच्या पानाची, लाजर बाहेर येतो त्या. पोरानं मधल्याच पानावर हात ठेवला. येशूच्या गालावर बोट. "टीचर, येशू रडूलालाय?"

"होय."

"मोठा आहे की तो."

"मोठी माणसंबी रडतात."

जरा वेळ गप्प. मग, "माझ्या आज्जीला का उठवलं नाही?"

वीस वर्षं शिकवत होते, पण उत्तर नव्हतं. म्हटलं, "मला ठाऊक नाही रे. पण आज्जी झोपलेली नाही. ती मेली. झोपलेला माणूस सकाळी उठतो, आई उठते, तू उठतोस."

त्यानं मान हलवली आणि विचारलं, "कुंदा आहे?" आईला धक्काच बसला. मी त्या मिठाईचा डबा काढला. त्याच तेलकट बोटानं तो परत येशूचा गाल चाचपत बसला. डाग अजून आहे.

लगेच झोपायला लागला, असं नाही. पंधरा दिवस गेले. दर रविवारी तेच पान, तोच प्रश्न.

पोरांचं दुःख असंच असतं बघा. आत्ता रडतील, आत्ता खेळतील. लहान पोराला मेलेलं माणूस परत येत नाही हे एकदा सांगून कळत नाही, म्हणून ते पुन्हापुन्हा विचारतं. आपण रागावलो म्हणून आज्जी गेली, असंही एखाद्याच्या मनात असतं. तेवढं विचारून घ्या.

आणि शब्द सरळ वापरा. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशूही आधी म्हणतो, लाजर झोपलाय. शिष्यांना वाटलं, झोपलाय तर बरा होईल! मग त्यानं उघड सांगितलं, लाजर मेलाय. मोठ्या शिष्यांची ही गत, तिथं पाच वर्षांच्या पोराचं काय? तेव्हा झोपला नको, गावाला गेला नको. मेला म्हणा. आणि येशू रडतो ते पान उलटू नका.

दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, कबरस्तानात जाल तेव्हा पोरांना न्या. मेणबत्ती त्यांनाच लावू द्या. वाऱ्यानं चार वेळा विझेल, काडेपेटी जास्तीची ठेवा. नमस्कार.