थेंबात सापडला नाही म्हणून

मंडळी, मघाशी उमरेडकडच्या एका भाऊंनी दारातच गाठलं, म्हणे डॉक्टरसाहेब, म्हैस गोल गोल फिरते, ताप येतो आन् जातो, रक्त तपासलं तर रिपोर्ट निगेटिव्ह, मंग सर्रा (माशीतून पसरणारा जनावरांचा रक्ताचा आजार) नाही ना? म्हटलं बसा, आज तेच सांगायचंय.

सर्रा करणारा जंतू ट्रिपॅनोसोमा, आफ्रिकेतल्या झोपेच्या आजाराच्या जंतूचा चुलतभाऊच म्हणा ना. तिकडे त्सेत्से माशी लागते, आपल्याकडे ती नाहीच, इथे डांस (घरातला डास नव्हे, जनावरांना चावणारी मोठी माशी) एका जनावराचं रक्त पितो आणि तोंडाला लागलेलं दुसऱ्याला टोचतो. 1880 साली ग्रिफिथ इव्हान्सने घोड्या-उंटांच्या रक्तात तो पहिल्यांदा पाहिला आणि आजही आपण बऱ्याचदा तेच करतो, काचेवर थेंब, वर कव्हरस्लिप, वळवळ दिसते का बघा.

आता हिशोब करा. म्हशीच्या अंगात धरा 20-25 लिटर रक्त. एका मिलिलीटरमागे 100 जंतू, म्हणजे अंगात 20 लाखांवर झाले! पण काचेवर आपण घेतो 5 मायक्रोलिटर, त्यात वाट्याला येतो अर्धा. साध्या थेंबात खात्रीने दिसायला मिलिलीटरमागे लाखाच्या घरात लागतात. घोड्यात, उंटात तेवढे होतात, गाय-म्हैस मात्र थोडक्यावर महिनोन्‌महिने ओढते. वरून हा लेकाचा अंगावरचं प्रथिनाचं आवरण बदलत राहतो, शरीर जुन्याला ओळखून मारतं तोवर नवीन कोटवाले वाढलेले, म्हणून तर ताप चढतो-उतरतो. अन् आपण रक्त घेणार ताप उतरल्यावर, बल्ब म्हणजे रक्ताची बाटली गाडीच्या डिक्कीत, नागपूरचा मे महिना, लॅबमध्ये पोचणार संध्याकाळी... काय दिसणार बाप्पा! केसासारख्या बारीक नळीत रक्त भरून ती सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवून पांढऱ्या पेशींच्या थराजवळ पाहिलं तर पुष्कळ जास्त सापडतात, जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर त्याच्याही पुढे. मी स्वतः एकदा अर्धा तास स्लाइड बघून निगेटिव्ह लिहिलं होतं, त्याच बल्बमधली नळी फिरवली तर दोघं मस्त पोहत होते.

अँटिबॉडीवाल्या कार्ड टेस्टची भानगड उलटी, ती जंतू नाही, शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली प्रथिनं शोधते. 2004 मध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तातच हा जंतू सापडला. माणसाच्या रक्तातलं एपीओएल-1 नावाचं प्रथिन एरवी या जंतूला मारतं, या माणसात ते कामच करत नव्हतं, सुरामिन नावाच्या औषधाने बरा झाला तो. मग गावातल्या 1806 लोकांची कार्ड टेस्ट केली, 410 पॉझिटिव्ह! सीरम पातळ करून पुन्हा पाहिलं तर उरले 60, आणि त्या 60 पैकी एकाच्याही रक्तात जंतू दिसला नाही. जनावरातही औषधाने जंतू गेला तरी अँटिबॉडी कित्येक महिने राहतात, त्यामुळे बरं झालं की नाही हे कार्डला विचारू नका.

तर भाऊ, रक्त घेतलं तेव्हा ताप किती होता? मोजलाच नाही? मग तो रिपोर्ट राहू द्या खिशात. थर्मामीटर घ्या, ताप चढला की लगेच डॉक्टरला बोलवा, बल्ब ईडीटीएचा, म्हणजे रक्त गोठू न देणारा, बर्फाच्या डब्यात, आणि एकदा नाही, दोन-तीन दिवस. तोवर म्हैस पडायला लागली तर लक्षणांवरून इंजेक्शन द्यायचं का हे तुमचे डॉक्टर ठरवतील, त्यांना फक्त रिपोर्ट नका दाखवू, म्हैसही दाखवा.