चहाडखोर पातं

(मिशिगनमधल्या मराठी मंडळींसमोर ऑगस्टअखेर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बसा, बसा. मागच्यांनी पुढे यायला हरकत नाही, मी आज काही सोडणार नाहीये. धनुष्य गाडीतच ठेवलंय. पाती मात्र आणलीत, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या टोकाला लावतात ती धारदार पाती, ती या डब्यात आहेत. अकरा आहेत. बारावं कुठे गेलं ते पुढे येईलच.

पत्रकावर विषय छापलाय, ‘धनुष्याने शिकार : नवशिक्याने कुठलं पातं घ्यावं?’ हे शीर्षक माझं नाही. गेली सहा-सात वर्षं जो भेटतो तो मला हाच प्रश्न विचारतो. फोनवर विचारतात, देशी किराणा दुकानात कोथिंबीर निवडताना विचारतात. धनुष्य अजून खोक्यातून बाहेर काढलेलं नसतं, आणि विचारतात पातं कुठलं! म्हणजे तंबोरा लावलेला नाही आणि बंदिश कुठली घेऊ म्हणून चर्चा. मला आज खरं तर एवढंच सांगायचंय की आधी धनुष्य लावा. पात्याचंही सांगतो, छापलंय म्हणून.

आधी एक खुलासा, कारण डिसेंबरात निम्मी मंडळी गावी जातात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. मामाच्या शेतात ससा दिसला तरी हात जोडायचे. धनुष्य धरायला मात्र कुणी अडवत नाही. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जगज्जेती झाली तेव्हा सतरा वर्षांची होती. त्याच स्पर्धेत पुरुषांत आपल्या नागपूरचा ओजस देवतळे जिंकला, अंतिम सामन्यात १५० पैकी १५०. दोघांच्या हातात होतं ते कंपाउंड धनुष्य, चाकांचं. मिझुरीच्या हॉलिस अ‍ॅलन नावाच्या गृहस्थांनी साधं धनुष्य कापून त्याला चाकं बसवली, १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरात ते मिळालं. ओढायला साठ पौंड जोर लागणारं धनुष्य पूर्ण ओढल्यावर हाताला बारा पौंडच भार राहतो, ही त्या चाकांची कृपा. तर अदिती-ओजस यांच्या बाणाला टोक असतं, पातं नसतं. माझी सगळी फजिती या एका फरकातली आहे.

आणि काकू, तुमचा चेहरा दिसतोय मला. हो, मारलेलं हरीण खातो. खिमा करतो, कांदा-लसूण मसाला घालून. आपल्या राज्यात वर्षाला पन्नास हजारांहून जास्त गाड्या हरणांवर आदळतात. या खोलीतही दोन-तीन बंपर असतील. तो वाद जेवताना घालू.

तर फजिती. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी धनुष्य घेतलं. मोठ्या दुकानात गेलो, रंग आवडला, घेतलं. माप कुणी घेतलं नाही, मीही सांगितलं नाही. शर्ट घेताना आपण चार घालून बघतो, आणि हातभर लांबीचं यंत्र तसंच पिशवीत. मित्राच्या शेतावर वीस यार्डांवरून सराव केला. साध्या टोकांचे बाण, म्हणजे फील्ड पॉइंट, पंधरा दिवसांत बशीएवढ्या जागेत पडायला लागले. मी स्वतःला अर्जुन समजायला लागलो. पोपटाचा डोळा वगैरे.

आपल्याकडे धनुष्याचा हंगाम एक ऑक्टोबरला उघडतो. सप्टेंबरच्या मध्यावर पात्यांचं पहिलं पाकीट आणलं. तीन पाती, चाळीस-पन्नास डॉलर. पहिला बाण सोडला, तो सहा इंच उजवीकडे आणि खाली. दुसरा तिथेच. तिसराही तिथेच, आणि हे लक्षात ठेवा, तिन्ही एकाच जागी. मी काय निष्कर्ष काढला? पाती खराब आहेत.

दुसरं पाकीट आणलं. दोन धारांऐवजी तीन धारांची. पाच इंच उजवीकडे. तिसरं आणलं, अजून महाग. त्यातलं एक पातं धीर न धरता घरीच तपासायचं ठरवलं. गणपतीचे दिवस होते, गॅरेजमध्ये गेल्या वर्षीचं थर्माकोलचं मखर उभं होतं. मी म्हटलं, एवढा जाड थर्माकोल आहे, बाण अडवेल. मंडळी, थर्माकोल बाणाला काहीही अडवत नाही. बाण मखराच्या कमानीतून गेला, गॅरेजच्या दारातून गेला आणि पिसांपाशी अडकला. बाहेर आमची ही मोदकांचं सारण शेजारणीला देऊन परत येत होती. ती दोन हात लांब होती. त्या दिवशी मला जे ऐकावं लागलं ते शब्दांकनात घेऊ नका. गॅरेजमध्ये, घरात, कुंपणाशी पातं लावलेला बाण दोरीवर चढवायचाच नाही, हे मी तेव्हा शिकलो. ते बारावं पातं अजून त्या दारात आहे, काढायला गेलं तर दार फाटतं.

चौथं पाकीट आणलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘‘नाचता येईना, अंगण वाकडं. आणि तू चौथं अंगण विकत आणलंस.’’

मग मी एका लहान दुकानात गेलो. तिथे एक आजोबा काम करतात, कानाला ऐकू कमी येतं, म्हणून आपली बाजू मांडता येत नाही. मी चारही पाकिटं काउंटरवर मांडली. त्यांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका चौकटीत कागद ताणून लावला, मला पाच-सहा फुटांवर उभं केलं आणि साध्या टोकाचा बाण कागदातून मारायला सांगितला. नीट लावलेल्या धनुष्याचा बाण कागदाला गोल भोक पाडतो आणि पिसांच्या तीन चिरा. माझ्या कागदावर टोकाचं भोक एकीकडे आणि शेपटाच्या चिरा दीड इंच तिरक्या, वर डावीकडे. बाण सरळ उडतच नव्हता. शेपूट वाकडी टाकत, खेकड्यासारखा निघत होता.

आता प्रश्न असा की मग साध्या टोकाचे बाण बशीत कसे पडत होते? मी आयुष्यभर गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम केलं, तरी मला हे सुचलं नाही. साध्या टोकाच्या बाणाला हवेत पंख मागेच असतात, ती पिसं. बाण वाकडा निघाला तरी पिसं त्याला दहा-पंधरा यार्डांत सरळ करतात, आणि आपली चूक झाकली जाते. पातं लावलं की पुढेही पंख आले. वाकड्या बाणाच्या पुढच्या पंखांना हवा लागते आणि ते बाणाला आपल्या दिशेला ओढून नेतात. पिसं सांभाळून घेणारी आई, आणि पातं घरातलं लहान पोर, पाहुण्यांसमोर सगळं सांगून टाकणारं. चहाडखोर! माझी बाराही पाती खरं बोलत होती. तिन्ही बाण एकाच जागी पडत होते ना? खराब पाती तसं करत नाहीत, ती विखरतात.

आजोबांनी काय काढलं? माझ्या धनुष्याची ओढ माझ्या हातापेक्षा इंचभर लांब होती. वरचं आणि खालचं चाक एका वेळी थांबत नव्हतं, एक आधी, एक मागून, कोरसमधल्या नवख्या गायकासारखं. आणि तिसरी गोष्ट माझ्या डाव्या हातात होती. मी वीस वर्षं पुण्यात बजाज चेतक चालवली. चेतकचे गिअर कुठे असायचे? डाव्या मुठीत! धनुष्य डाव्याच हातात. बाण सुटताना मी दर वेळी मूठ पिळून गिअर टाकत होतो. आजोबांनी माझी बोटं सोडवली आणि धनुष्य नुसतं अंगठ्याच्या गादीवर टेकवलं. निम्मी चीर तिथेच सरळ झाली, पाना न लावता. हसू नका, इथे चेतकवाले बरेच आहेत.

... किती? वीस मिनिटं म्हणाला होतात. दहा? बरं, श्रीखंड आहे हे मला माहीत आहे.

तर धनुष्य लावायचा क्रम भरभर सांगतो. ओढीची लांबी दुकानात मोजून घ्या, चाकं जुळवून घ्या. त्याला धनुष्य दाबून धरणारा प्रेस लागतो, घरी नको. मग दोरीवर बाण अडकतो ती जागा अशी ठेवा की बाण दोरीशी काटकोनात राहील. बाण ज्यावर टेकतो त्या रेस्टची आडवी जागा मधल्या दांड्यापासून साधारण १३/१६ इंचावर ठेवून सुरुवात करा, आणि मग कागद. शेपूट वर फाटत असेल तर रेस्ट किंचित वर किंवा दोरीवरची जागा किंचित खाली. किंचित म्हणजे इंचाचा बत्तिसावा भाग. तंबोऱ्याच्या जवारीचा दोरा सरकवतो तेवढंच. इथे गाणारी मंडळी आहेत, त्यांना कळलं.

बाणाचा ताठपणाही बघा. नळीवर ३४०, ४००, ५०० असे आकडे असतात. ४०० म्हणजे २८ इंचांच्या अंतरावर टेकवलेल्या नळीला मध्यावर ८८० ग्रॅम वजन टांगलं की ती ०.४०० इंच वाकते. आकडा लहान तितकी नळी ताठ. पुढे जड पातं लावलं की तीच नळी लवचीक वागायला लागते, म्हणून शंभर ग्रेन वजनाचं पातं काढून सव्वाशेचं लावलं की सगळं पुन्हा तपासायचं.

शेवटी वीस यार्डांवर तीन बाण साध्या टोकांचे, तीन पात्यांचे. एकेका बाणावरून काही ठरवू नका. पाती जिथे पडतात तिथून साधे बाण जिकडे आहेत, त्या दिशेला रेस्ट सरकवा. पाती उजवीकडे आणि खाली, तर रेस्ट जरा डावीकडे आणि वर. दोन्ही घोळके एकत्र आले की मगच साईट, म्हणजे नेम धरायची खूण, हलवायची, त्याआधी तिला हात लावू नका. मी नेमका तोच हात लावला होता, ते सांगायचं राहिलं. माझ्या पहिल्या पाकिटातली, मी खराब ठरवलेली पाती त्या शनिवारी साध्या बाणांच्या शेजारी जाऊन बसली.

चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता.

पातं मारतं ते कापून, धक्क्याने नाही. बंदुकीसारखा विचार करू नका. म्हणून धार पहिली, बाकी नंतर. ताणलेल्या रबरबँडला पातं नुसतं टेकवा, दाबायला लागलं तर ती धार चालणार नाही. विळीवर भेंडी चिरताना जे कळतं तेच.

जाती दोन धरा. एक स्थिर, पाती कायम उघडी. दुसरी मिटलेली, लागल्यावर उघडणारी. मिटलेलं पातं हवेत साध्या टोकासारखं उडतं, जखम रुंद करतं, दीड-दोन इंचांची. पण उघडायला बाणाचाच जोर खातं. शिवाय ते चहाड्या कमी करतं, म्हणून लोकांना आवडतं. धनुष्य वाकडंच राहतं ते राहतंच, आणि वाकडा शिरणारा बाण आत कमी जातो. माझं मत असं की पहिल्या वर्षी स्थिरच घ्या. निदान काय चुकतंय ते कळेल. ओढ चाळीस-पंचेचाळीस पौंडांची असेल, आपल्या मुली असतील, तर दोन धारांचं, टोकापासूनच कापत जाणारं. साठच्या आसपास तीन धारांचंही चांगलं. याच राज्यात, ग्रेलिंगला, धनुष्यं बनवणाऱ्या फ्रेड बेअरनी पन्नासच्या दशकात दोन धारांच्या पात्यात आडवं छोटं ब्लेड खुपसून विकलं होतं, त्यावर मला खरं तर अर्धा तास बोलायचं होतं.

वजन १०० ग्रेन घ्या. आपला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे पातं अर्ध्या तोळ्याहून थोडं जास्त. अख्खा बाण ४५० ग्रेन भरला तर बरोबर अडीच तोळे. एवढ्याशा वजनावर सगळं आहे, म्हणून पातं नळीवर सरळ बसलंय ना ते पाहा. बाण टोकावर उभा करून भिरभिरवा. टोक थरथरलं तर नळीचं तोंड घासून सपाट करा, किंवा ते पातं सरावाला ठेवा. ज्या पात्याने सराव केला त्याने शिकार नाही, धार गेलेली असते. रुंदी आपल्याकडे कायद्याने किमान ७/८ इंच. टोलेडोच्या पलीकडे गेलात तर ओहायोत ३/४ चालतं, पण धनुष्य किमान चाळीस पौंडांचं लागतं. पुस्तिका दर वर्षी वाचा, नियम बदलतात. आणि १९६० साली किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनी आधी सुरक्षेचा वर्ग करायचा. म्हणजे इथले बहुतेक सगळे, दोन आजोबा सोडून.

आणखी एक, अंतर. वीस यार्डांवर तुमचे तीन पात्यांचे बाण बशीत पडतात ना? मग तुमचं अंतर वीस. हरीण पंचविसावर उभं राहून तुमच्याकडे बघत असलं तरी वीस.

हो हो, उठतोय. डबा उघडतो. पानाही आणलाय, कारण पातं बोटांनी पिळून बसवायचं नसतं, माझ्या अंगठ्यावर टाके आहेत. ज्यांना बघायचंय त्यांनी आत्ताच पुढे या, पुऱ्या खाल्लेल्या तेलकट हाताने पात्याला हात लावू देणार नाही.