जुनं कंटाळवाणं वाटतंय? आधी त्याचं माप बघा

मूकपटांतली माणसं अशी तुरुतुरु का चालतात? टोपी काढली की लगेच परत डोक्यावर, दार उघडलं की धाडकन बंद, आणि चार पानी पत्र वाचून होतं दीड सेकंदात. आपण हसतो आणि मनातल्या मनात ठरवून टाकतो, तेव्हाचा अभिनय असलाच असणार.

अभिनयाचा काही दोष नाही. आपणच तो भलत्या वेगानं बघतोय.

[पडद्यावर: दांडीचा जुना कॅमेरा, दांडी फिरतेय]

त्या काळी कॅमेऱ्याची दांडी हातानं फिरवायचे. सेकंदाला 16 चित्रं, 18 चित्रं, कधी 20 किंवा त्याहून जास्त. 1920 च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले आणि ही मोकळीक संपली. चित्राचा वेग थोडा कमीजास्त झाला तर डोळा सांभाळून घेतो. पण आवाजाचा वेग हलला की सूरच हलतो, आणि कान ते अजिबात खपवून घेत नाही. म्हणून सेकंदाला 24 चित्रं हे प्रमाण ठरलं ते ठरलंच. आता 16 नं काढलेली फिल्म 24 नं चालवली, की सगळं जग दीडपट घाईत.

उपाय साधा आहे. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये जा आणि वेग 0.75 करा. 24 चे झाले 18. चालणारी माणसं माणसांसारखी चालायला लागली, तर समजा जमलं. आधीच कुणी काळजीपूर्वक दुरुस्त केलेली प्रत असेल तर हे करायची गरज पडत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांकडे बघा, लगेच कळतं. वेग कमी केल्यावर मागचं संगीत विचित्र वाटेल, ते बंद करून टाका. बहुतेक वेळा ते नंतर कुणीतरी चिकटवलेलं असतं. त्या काळी थिएटरात कुणीतरी समोर बसून पियानो वाजवायचं, मोठ्या थिएटरात अख्खा वाद्यवृंद असायचा. तुम्ही तुमच्या आवडीचं एखादं वाद्यसंगीत लावा. फार काही बिघडत नाही, उलट मजा येते.

ही एवढी वेगाची गोष्ट सांगितली, कारण आजच्या व्हिडिओचा सगळा मुद्दा तिच्यातच आहे. जुनी पुस्तकं, जुनी गाणी, जुने चित्रपट, जुने विनोदी लेख या सगळ्यांना एक माप होतं. रिळाचं, तबकडीचं, मासिकाच्या अंकाचं, वर्तमानपत्रातल्या स्तंभाचं. ते माप धरूनच करणाऱ्यानं ती गोष्ट रचली होती. आपल्यापर्यंत मात्र ती येते गठ्ठ्यानं. दोनशे गाण्यांची यादी, आठशे पानांचा खंड, समग्र अमुक, संपूर्ण तमुक. मग आपण म्हणतो, वेळ कुठंय? गठ्ठा सोडा. आत जे सुटे तुकडे आहेत, ते आपल्या धावपळीच्या दिवसात आरामात मावतात. ते तेवढ्याच मापाचे केलेले होते.

चित्रपटाचंच आधी संपवू.

एक रीळ म्हणजे सुमारे 1000 फूट फिल्म. 35 मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात 16 चित्रं बसतात. गणित तुम्हीच करा: सेकंदाला 16 नं चालवली तर फूटभर फिल्म एका सेकंदात जाते, म्हणजे रीळ सोळा-सतरा मिनिटांचं. 24 नं चालवली तर अकराच. चॅप्लिन, कीटन, लॉरेल आणि हार्डी या मंडळींचे कितीतरी छोटे विनोदपट दोन रिळांचे आहेत. वीस-पंचवीस मिनिटं, कधी अर्धा तास. जेवणानंतर, झोपायच्या आधी, एक पुरे.

आणि माझं स्पष्ट मत आहे, की जुन्या सिनेमाची सुरुवात 'जगातले शंभर श्रेष्ठ चित्रपट' अशा यादीनं करू नये. त्या याद्या वाईट नसतात, पण त्यांच्यात परीक्षेचा वास असतो. पहिल्याच संध्याकाळी तीन तासांचा महान चित्रपट लावायचा, चाळिसाव्या मिनिटाला हात फोनकडे जातो, आणि मग वर्षभर जुन्याच्या वाटेला जायचं नाही. हे कशासाठी?

फोनकडे हात का जातो, त्याचंही कारण बघा. डेव्हिड बॉर्डवेल नावाचे चित्रपटाचे मोठे अभ्यासक होते. त्यांनी मांडलंय, की 1930 ते 1960 या काळात हॉलिवूडच्या चित्रपटात एक शॉट, म्हणजे मध्ये न कापलेलं सलग चित्र, सरासरी आठ ते अकरा सेकंद टिकायचा. पुढं तो आखूड होत गेला, आणि या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच चित्रपटांत तीन ते सहा सेकंदांवर आला. आपल्या डोळ्याला आता दर तीन-चार सेकंदांनी काहीतरी नवं लागतं. ते मिळालं नाही की डोळा स्वतः शोधायला निघतो.

तर त्याला शोधू द्या, पण पडद्यावरच. जुना दिग्दर्शक कॅमेरा स्थिर ठेवतो तेव्हा चौकटीत बघण्यासारखं बरंच ठेवलेलं असतं. बोलणाऱ्याला सोडा, ऐकणाऱ्याचा चेहरा बघा. मागं दार उघडं आहे का? तिसरा माणूस हातांनी काय करतोय? पहिली दहा मिनिटं जड जातात, मग डोळा त्या चालीला लागतो.

बस्टर कीटन तर यासाठी खास आहे. तो विनोद करताना कॅमेरा लांब ठेवतो, डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसेल असा. 1928 च्या एका चित्रपटात वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते. तो हलत नाही. वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावर येते आणि तो त्या चौकोनात उभाच राहतो. भिंत खरी, वजनदार, आणि त्याच्या बाजूंना फट जेमतेम इंचांची. हे सगळं एका सलग चित्रात दिसतं. मध्ये कात्री मारली असती तर तुम्ही म्हणाला असता, काहीतरी युक्ती असेल. इथं तसं म्हणायची सोयच ठेवलेली नाही.

[पडद्यावर: काळी तबकडी, सुई टेकतेय]

आता गाणी. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावायची. 1902 मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा मैफलीत निवांत खुलणारी गायकी त्यांना या तीन मिनिटांत बसवायची होती. आणि ती त्यांनी बसवली! सुरुवातीची घोळवाघोळव नाही, थेट गाण्याच्या गाभ्यात. शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नावही सांगतात. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या, आणि तिथल्या लोकांना हा आवाज कुणाचा हे कळायला हवं.

एवढं जुनं ऐकताना दोन गोष्टी डोक्यात ठेवा. पहिली, 1925 च्या आधी गाणी मुद्रित करायला सहसा मायक्रोफोन वापरत नसत. गायक एका भोंग्यासमोर उभा राहून गायचा आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई हलायची. म्हणून ते गाणं ओरडल्यासारखं वाटतं. व्हायोलिनचा आवाज पोहोचायचा नाही, तर व्हायोलिनलाच कर्णा बसवला होता, इतकी पंचाईत. मायक्रोफोन आला आणि हळू गाणं शक्य झालं, अगदी कानाशी आल्यासारखं. 1925 च्या अलीकडचं आणि पलीकडचं एकेक गाणं लागोपाठ लावून बघा. मला तरी यापेक्षा चांगला संगीताच्या इतिहासाचा धडा माहीत नाही, आणि तो सात मिनिटांत संपतो.

दुसरी गोष्ट खरखर. ती पहिल्या मिनिटाला असह्य वाटते. थांबा जरा. थोड्या वेळानं कान ती बाजूला टाकतो. एकच गाणं लागोपाठ तीनदा ऐका. दुसऱ्या वेळी खरखर कमी झालेली असते, तिसऱ्या वेळी मागचा तबला किंवा पियानो ऐकू यायला लागतो.

1948 मध्ये लाँग प्ले तबकडी आली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. आता कलाकाराला गाण्यांचा क्रम लावता यायला लागला. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं कोणतं, उलटल्यावर कानावर पहिलं काय पडणार, यावर डोकं लढवलं जायचं. आपण शफलचं बटण दाबून ते सगळं उधळून टाकतो. आठवड्यातून एकदा एक बाजू, फक्त एकच, क्रमानं ऐका. इस्त्री करताना ऐकली तरी चालेल. फक्त त्या वेळी मेसेज वाचू नका. शब्द वाचणं आणि शब्द ऐकणं ही दोन्ही कामं एकाच वेळी धड होत नाहीत.

पुस्तकांचं थोडक्यात. चार्ल्स डिकन्सची पहिली कादंबरी 1836 पासून महिन्याला एक हप्ता अशी आली, नंतरच्या काही तर आठवड्याला एक. त्या जाड पुस्तकांत पात्रांच्या लकबी पुन्हा पुन्हा का येतात, मागचं परत का सांगितलं जातं, असं वाटतं ना? महिन्यानंतर भेटणारा माणूस वाचकानं पटकन ओळखायला हवा होता. सलग वाचणाऱ्याला तेच पाल्हाळ वाटतं. तेव्हा रोज एक प्रकरण वाचा, मध्ये दिवस गेला तर जाऊ द्या, लेखकानं त्याची तजवीज केलेली आहे. आणि तेवढंही जमत नसेल तर कथा आहेत. एडगर ॲलन पो यांनी 1842 मध्येच लिहून ठेवलंय, की कथा एका बैठकीत संपावी, अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत. वर्षाला अमुक पुस्तकं वाचण्याचा संकल्प वगैरे मला पटत नाही. त्यात माणूस बारीक पुस्तकं निवडायला लागतो.

राहिला विनोद, आणि इथं गठ्ठ्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. विनोदी लेखांचा संग्रह एका दमात वाचणं म्हणजे वर्षभराच्या दिनदर्शिकेची पानं एकाच दिवशी फाडणं. ते लेख आठवड्याला एक असे छापून आलेले असतात. चौथ्या लेखापर्यंत लेखकाची चाल कळते, सहाव्यात आपण पुढचं वाक्य आधीच ओळखतो, आणि नावं ठेवतो लेखकाला. एक वाचा, पुस्तक हाताशी कुठंतरी ठेवून द्या.

आणि शक्यतो एकट्यानं वाचू नका. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकानं हसण्याचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांना असं आढळलं, की माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो. शिवाय बहुतेक हसणं विनोदावर नसतंच, साध्यासुध्या बोलण्यावर असतं. सोबत असणं हेच मोठं निमित्त. म्हणून जुना विनोदी चित्रपट भरल्या थिएटरात पोट धरून हसवायचा आणि हेडफोन लावून बघताना नुसतं स्मित आणतो. चित्रपट तोच आहे.

तर घरात जो कुणी मोकळा असेल त्याला एक पान मोठ्यानं वाचून दाखवा. नाटकी वाचायची गरज नाही, उलट चेहरा जितका सरळ तितकं बरं. स्वल्पविराम पाळा, चांगल्या विनोदी लेखकानं थांबायची जागा त्यातच दाखवलेली असते. आणि वाचायच्या आधी 'हे फार भारी आहे हं' असं चुकूनही म्हणू नका, समोरचा लगेच परीक्षक होतो. नाहीच हसला, तर त्यातली गंमत समजावत बसू नका. पान उलटा आणि पुढचा लेख काढा.