सेन्सर बदलण्याआधी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय कूलंट टेम्परेचर सेन्सरचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, कूलंटचं, तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा. त्यावर येतोच. पण आधी थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे गरम झालेलं कूलंट रेडिएटरकडं सोडणाऱ्या झडपेबद्दल, बोलू द्या, कारण सेन्सरच्या नावावर येणाऱ्या कितीतरी तक्रारी तिथूनच सुरू होतात.

'आपल्याकडे कुठं बर्फ पडतो? काढून टाका थर्मोस्टॅट!' हे ज्यांनी कधीच ऐकलं नाही त्यांनी हात वर करा. बघा, एकही हात नाही.

चिपळूणच्या एक शिक्षिकाबाई आपली पेट्रोल गाडी घेऊन माझ्याकडे कराडला आल्या. आधी कधीतरी कुंभार्ली घाटात ती तापली होती. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असणार. वाटेतल्या गॅरेजवाल्यानं तो काढून टाकला, वर रेडिएटरचा फॅन डायरेक्ट केला. चावी फिरवली की फॅन सुरू. गाडी तापायची थांबली, बाई खूश. पण पुढं अ‍ॅव्हरेज पडला, प्लग काळे व्हायला लागले, चेक लाइट लागली. दुसऱ्या गॅरेजात कोड वाचला, पी ०१२८, म्हणजे इंजिन हवं तेवढं गरम होत नाही. त्यात कूलंट टेम्परेचर हे शब्द दिसले आणि सेन्सर बदलला. लाइट पुन्हा हजर. मग आणखी एक सेन्सर, या खेपेला कंपनीचा.

मी गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर लावून गाडी साताऱ्याच्या दिशेनं हायवेला काढली. कूलंट ६५ अंशांच्या वर चढेना. थांबून लगेच थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर, म्हणजे तो बसतो त्या कव्हरवर, इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, त्याचा आकडाही तेवढाच. सेन्सर खरं बोलत होता, इंजिनच थंड होतं!

बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तोवर कूलंट रेडिएटरकडं जात नाही, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. ते कोमटच राहिलं तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जादा पेट्रोल सोडत राहतो. ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि खाली ऑइलमध्ये उतरतं. बाईंच्या गाडीची डिपस्टिक काढून हुंगली, तर पेट्रोलचा वास. काहीशे रुपयांचा भाग वाचवायचा आणि इंजिन झिजवायचं, याचा मला मनापासून राग येतो. थर्मोस्टॅट अडकला तर नवा घाला ना!

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर सेन्सर.

आधी कूलंटची पातळी बघा, इंजिन थंड असतानाच. गरम रेडिएटरची कॅप कुणीही उघडायची नाही, वाफेनं तोंड भाजतं. पातळी उतरून सेन्सरचं टोक हवेत राहिलं तर तो चुकीचंच सांगणार.

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी फक्त चावी ऑन करा. स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. मग गाडी सुरू करून आकडा चढताना बघत राहा. तो एकसारखा चढला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल तर कपलर, म्हणजे सेन्सरला वायर जोडणारा प्लग, हलवून बघा. पिनांवरचा हिरवा गंज मी फार ठिकाणी पाहिलाय.

आता कपलर काढा. त्याच्या दोन पिनांत ५ व्होल्टच्या जवळपास मिळायला हवेत. स्कॅनर उणे ४० दाखवेल आणि पी ०११८ येईल, म्हणजे सेन्सरचा सिग्नल फार वर. काही गाड्यांत ईसीएम स्वतःचा ठरलेला आकडा दाखवतो आणि फॅन सुरू करतो, घाबरू नका. दोन पिना वायरनं जोडल्या की आकडा एकदम १३० च्या पुढं जायला हवा, तेव्हा पी ०११७, म्हणजे सिग्नल फार खाली. हे सगळं झालं तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, दोष सेन्सरमध्ये. नाही झालं तर सेन्सरला हात लावू नका, वायर शोधा.

शेवटी मल्टिमीटर. त्यानं सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा, तापमान वाढेल तसा तो उतरतो. पुष्कळ गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, ८० ला तीनशेच्या आसपास. नेमके आकडे त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. नवा सेन्सर बसवल्यावर सिस्टिममधली हवा काढायची.

डिझेलवाल्यांनी थांबा. ग्लो प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू व्हायला मदत करणारा हीटर, किती वेळ तापवायचा हेही ईसीएम याच सेन्सरवरून ठरवतो, ते चहाच्या वेळी सांगतो.