हसवणाऱ्या आणि गाणाऱ्या नायिकांचा मान

नमस्कार, श्रोतेहो.

२९ मार्च १९५१ ची रात्र. ऑस्करचा सोहळा हॉलिवूडमध्ये रंगला होता आणि स्पर्धेतले काही कलाकार मात्र न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटात रेडिओला कान लावून बसले होते. त्यांत ग्लोरिया स्वान्सन होती. मूकपटांच्या काळात तिनं राज्य केलं होतं आणि 'सनसेट बुलेव्हार्ड'मधल्या विस्मरणात गेलेल्या नटीच्या भूमिकेनं ती पुन्हा प्रकाशात आली होती. तिथंच ज्युडी हॉलिडे होती. वयानं स्वान्सनहून बरीच लहान, 'बॉर्न यस्टरडे' या विनोदी चित्रपटाची नायिका. 'ऑल अबाउट ईव्ह'साठी बेटी डेव्हिसचं नावही यादीत होतं. रेडिओवरून जाहीर झालं ते ज्युडी हॉलिडेचं नाव.

विनोदी भूमिकेनं अशा दोन भूमिकांवर मात करावी, हे अनेकांना अजूनही पटत नाही. मला तो निकाल योग्य वाटतो. का, ते सांगायला त्या चित्रपटातला एकच प्रसंग पुरेसा आहे. भंगाराच्या धंद्यात गब्बर झालेला एक उर्मट माणूस आणि त्याची मैत्रीण बिली, दोघं हॉटेलच्या खोलीत रमी खेळत बसले आहेत. कित्येक मिनिटं संवाद जवळजवळ नाहीतच. बिली पानं लावते, एक इकडचं तिकडे सरकवते, पुन्हा जागेवर आणते, स्वतःशीच गाणं गुणगुणते. समोरच्याचा पारा चढत जातो, आणि ती शांतपणे पानं खाली ठेवून डाव जिंकते. ही बाई मूर्ख आहे असं सगळे समजतात, पण हिची बुद्धी तल्लख आहे, हे ज्युडी हॉलिडेनं आपल्याला एक शब्द न बोलता सांगितलेलं असतं. हशा आणायला कुठं थांबायचं, कितीवेळ थांबायचं, हा हिशोब क्षणभर चुकला तरी प्रसंग पडतो. रडवणाऱ्या प्रसंगात थोडं इकडेतिकडे झालं तर प्रेक्षक सांभाळून घेतो. विनोदात नाही घेत.

त्याच वर्षी, ऑस्करच्या आधी, एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. हॉलिवूडमधल्या परदेशी वार्ताहरांची संघटना १९४४ पासून गोल्डन ग्लोब पुरस्कार देत होती. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार तोवर एकच असे. १९५१ च्या सोहळ्यात त्याचे दोन झाले, एक गंभीर चित्रपटासाठी आणि दुसरा संगीतमय किंवा विनोदी चित्रपटासाठी. पहिला स्वान्सनला मिळाला, दुसरा हॉलिडेला. दोघींचं काम तोडीचं होतं आणि दोघींना न्याय मिळाला. ऑस्करनं असा वेगळा विभाग आजतागायत काढलेला नाही.

त्यामुळे काय होतं, ते चारच वर्षांनी दिसलं. १९५५ मध्ये ज्युडी गार्लंड 'अ स्टार इज बॉर्न'साठी ऑस्करच्या स्पर्धेत होती. त्या चित्रपटात, रात्री बंद झालेल्या एका छोट्या क्लबात, वादकांच्या घोळक्यात उभी राहून ती एक सलग गाणं म्हणते. कॅमेरा मध्ये कुठं तुटत नाही, आणि अभिनय कुठं संपला नि गाणं कुठं सुरू झालं ते सांगता येत नाही. सोहळ्याच्या आदल्याच दिवशी ती बाळंत झाली होती. ती जिंकली तर लगेच दाखवता यावं म्हणून टीव्हीवाल्यांनी रुग्णालयात कॅमेरे, दिवे, वायरी यांचा सगळा पसारा मांडून ठेवला होता. नाव आलं ग्रेस केलीचं, आणि मंडळींनी सामान गोळा करून काढता पाय घेतला. गोल्डन ग्लोब मात्र दोघींना मिळाला होता, ग्रेस केलीला गंभीर भूमिकेसाठी आणि गार्लंडला संगीतमय चित्रपटासाठी.

मेरिलिन मन्रोचं तर नावसुद्धा ऑस्करच्या स्पर्धेत कधी आलं नाही. 'सम लाइक इट हॉट'साठी तिला गोल्डन ग्लोबच्या या संगीतमय-विनोदी विभागानं गौरवलं. रोझलिंड रसेलला अभिनयाचं ऑस्कर कधीच मिळालं नाही. गोल्डन ग्लोब मिळाले पाच, आणि त्यातले तीन याच विभागातले. हा विभाग नसता तर, या बायका हसवत होत्या, गात होत्या, एवढ्यावरून त्यांचं काम हलकं ठरवलं गेलं असतं.

आता गाण्याचा विषय निघालाच आहे, तर त्यातली एक खंतही बोलून दाखवतो. 'द किंग अँड आय'साठी डेबोरा कार हिला या विभागातला पुरस्कार मिळाला. पडद्यावर तिची गाणी गायली होती मार्नी निक्सन या गायिकेनं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून तालीम करत, म्हणजे ओठ, मान, श्वास सगळं जुळावं. श्रेयनामावलीत निक्सनचं नाव नव्हतं. कार हिनं मात्र मोठ्या मनानं स्वतःच ही गोष्ट जाहीर केली. पुढं 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्नसाठीही निक्सनच गायली. रंगमंचावर ती भूमिका गाजवलेल्या ज्युली अँड्र्यूजला निर्माते जॅक वॉर्नर यांनी नाकारलं होतं. अँड्र्यूज मग 'मेरी पॉपिन्स' करायला मोकळी झाली आणि गोल्डन ग्लोबमध्ये तिनं हेपबर्नवर मात केली. व्यासपीठावरून तिनं वॉर्नर यांचेच हसतहसत आभार मानले, त्यांच्यामुळेच हे शक्य झालं म्हणून!

आपल्याकडे पार्श्वगायन लपवण्याची गोष्ट राहिली नाही, पण पुरस्कारासाठी झगडावं लागलंच. 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं, तेव्हा सोहळ्यात 'रसिक बलमा' गाण्याची विनंती लतादीदींना झाली. गायकांसाठी पुरस्कारच नाही, मग मी का गाऊ, अशी भूमिका त्यांनी घेतली. १९५९ पासून तो पुरस्कार सुरू झाला आणि पहिला 'मधुमती'तल्या 'आजा रे परदेसी'साठी त्यांनाच मिळाला. मार्नी निक्सनच्या बाजूनं हॉलिवूडमध्ये असं कुणी उभं राहायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या काही दशकांत गोल्डन ग्लोबच्या या विभागाचं कुंपण मात्र ढिलं झालं आहे. इथं स्पर्धा सोपी म्हणून गंभीर चित्रपट विनोदी म्हणून पाठवले जातात. २०१६ मध्ये मंगळावर अडकलेल्या माणसाची गोष्ट सांगणारा 'द मार्शियन' सर्वोत्कृष्ट विनोदी वा संगीतमय चित्रपट ठरला. त्यावर इतकी टीका झाली की नियम बदलावा लागला: विनोदाची नुसती छटा असलेला गंभीर चित्रपट गंभीर विभागातच पाठवावा.

तरी जानेवारी २०२५ मध्ये डेमी मूर हिला हा पुरस्कार मिळाला तो 'द सब्स्टन्स' या अंगावर काटा आणणाऱ्या भयपटासाठी. तिचं भाषण ऐकताना माझे डोळे भरून आले. तीस वर्षांपूर्वी एका निर्मात्यानं तिला निव्वळ करमणुकीची नटी म्हणून हिणवलं होतं, आणि तिनं ते खरं मानलं होतं. अभिनेत्री म्हणून आपल्याला काही मिळण्याची ही पहिलीच वेळ, असं ती म्हणाली. तिचं काम थोर आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच यादीत 'विकेड'ची सिंथिया एरिव्हो होती. तिनं गाणी चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष गायली, तारांना लटकून उडतानासुद्धा. हा विभाग ज्या कामासाठी काढला, ते काम त्या वर्षी तिनं केलं होतं, आणि माझ्या हातात मत असतं तर ते तिलाच गेलं असतं.